पोटापायी राहिलेलं जत

माझे वडील, अण्णा, दोन वर्षं कुणाच्या घरी जेवले नव्हते. दुपारनंतर त्यांचं पोट फुगून ताठ व्हायचं, पँटचं बटण लागत नसे. दुर्बीण, सोनोग्राफी, रक्त, सगळं नॉर्मल. "मग मी काय खोटं बोलतोय व्हय?" ते चिडायचे. त्यांचे थोरले भाऊ पोटाच्या कॅन्सरने गेले, त्यामुळे डॉक्टर काहीतरी लपवतात असं त्यांना वाटे. शेवटी मी सांगलीच्या पोटविकारतज्ज्ञांची वेळ घेतली. तिथून पुढे जतला, त्यांच्या पलटणीतल्या शिवाप्पाकाकांकडे जाऊ म्हटलं. काकांच्या मुलाच्या लग्नाला अण्णा पोटामुळेच गेले नव्हते. सांगितलं होतं गुडघ्याचं.

"जतचं बघू," एवढंच बोलले.

सकाळी सहाला मेढ्यातून निघालो. हायवेवर कामं चालू आहेत, त्यामुळे कराडपर्यंत अर्धा तास जास्तीचा धरा. पेठ नाक्याला वळून आष्ट्यावरून सांगली. वाटेत मी मिसळ खाल्ली, अण्णांनी डब्यातली भाकरी. कुणाला असा त्रास असेल तर तासा-दीड तासाने गाडी थांबवून त्यांना थोडं चालायला लावा. बसून राहिलं की पोट जास्त जड होतं.

डॉक्टरांनी सगळे कागद पाहिले, पोट तपासलं. म्हणाले, "फुगणं खरं आहे. तुमची आतडी हळवी झालीत, थोडा वायूही त्यांना फार वाटतो. मग छाती-पोटामधला पडदा खाली दाबला जातो, पोटाचे स्नायू सैल पडतात आणि पोट पुढे येतं."

"म्हंजे भावाचं होतं ते न्हाई?"

"त्याची कुठलीही खूण नाही. वजन उतरलं किंवा शौचातून रक्त गेलं, तर मात्र लगेच या."

कांदा, लसूण, गहू, कडधान्यं काही आठवडे बंद. मग एकेक परत घेऊन बघायचं, काय सोसतं ते. सगळं कायमचं सोडायचं नाही. पोट साफ राहायला औषध, जेवल्यावर चालणं. शिवाय पोटावर हात ठेवून संथ श्वास घ्यायचा, लांब सोडायचा.

"पलटणीत पोट आत, छाती भाईर शिकवलं. आता ह्ये उलटंच," अण्णा म्हणाले. मग बराच वेळ सदऱ्याची बटणं लावत बसले. मी खिडकीतून पार्किंगकडे बघत राहिले.

मुक्काम सांगलीतच केला. स्टँडजवळच्या लॉजमध्ये बाराशेला स्वच्छ खोली मिळते. सकाळी चहा घेताना अण्णा आपणहून म्हणाले, "चल जतला."

मिरजेत टाकी भरून घ्या. कवठे महांकाळ मागे पडलं की ऊस संपतो. बाभळी, मेंढरं, पाण्याचे टँकर. पाट्यांवर मराठीखाली कन्नड दिसू लागतं.

शिवाप्पाकाका दारातच उभे होते. "आलास?" म्हणाले, पुढे आले नाहीत. काकूंनी ताटं वाढली. भाकरी, मटकीची उसळ, फोडलेला कांदा. आता अण्णा उपवास सांगणार, अशी माझी खात्री होती.

"शिवाप्पा, मटकी, कांदा मला चालत न्हाई. पोट फुगतंय. पोराच्या लग्नालाबी त्याच्यापायीच आलो न्हाई. गुडघ्याचं खोटं सांगितलं."

काकांचा घास हातातच राहिला. "दोन वरसं मी इचार करतोय, माझं काय चुकलं."

"चुकलं माझं."

"आरं, सांगायचं की गड्या!"

"सुभेदारानं काय सांगायचं? वारा धरतो म्हनून?"

काका हसले, मग अण्णाही. काकूंनी उसळ उचलली आणि दोडका बिनकांद्याचा फोडणीला टाकला. अण्णांनी दोन भाकऱ्या खाल्ल्या. नंतर दोघं मेंढरांच्या वाड्याकडे चालत गेले आणि तासाभराने परतले.

घरी येऊन दोन महिने झाले. लसूण अण्णांना सोसत नाही, हे कळलं. गव्हाची एक पोळी सोसते. त्रास गेलेला नाही, कमी झालाय. परवा संध्याकाळी आईला म्हणाले, "आज जरा फुगलंय," आणि चप्पल घालून चालायला गेले. पूर्वी ते असं काही न सांगता खोलीत जाऊन दार लावून घ्यायचे.