खांद्याला लागलेली लाठी

तिशीला टेकले होते तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा कासोटा मारला. तोवर मी सेलूतल्या मुलींच्या शाळेतली मराठीची बाई होते; गोल पाचवारी साडी, खांद्यावरून पदर, छातीशी वह्यांचा गठ्ठा आणि मोजून टाकलेली पावले. थोरल्या जावेने आपले धुऊन मऊ पडलेले लुगडे मला नेसवले, मागचा सोगा आवळून खोचला तेव्हा माझा श्वास वर सरकला, आणि पाठीवर थाप मारून ती म्हणाली, "आता पळून दाखव, मास्तरणी."

मी अंगणभर पळाले. दोन पाय ही दोन वेगळी माणसे आहेत, हे मला त्या संध्याकाळी कळले. गुडघ्यांना वारा लागत होता. पोटऱ्यांना त्यांचे स्वतःचे वजन होते. मी हसत सुटले आणि जाऊ तोंडाला पदर लावून माझ्याहून जास्त हसली.

आमची वस्ती जिनिंगच्या कारखान्यापलीकडे होती. एप्रिलातल्या जयंतीला वस्तीतून मिरवणूक निघे आणि तिच्या पुढे लाठीचे रिंगण चाले. ते रिंगण नवऱ्याचे थोरले भाऊ, म्हणजे माझे भाया, कैक वर्षे उभे करीत आले होते. सगळी वस्ती त्यांना वस्ताद म्हणे. पण दुष्काळाच्या वर्षांत कामासाठी मुंबई-औरंगाबादला गेलेली तरणी पोरे परतली नव्हती. त्या हिवाळ्यात एका रात्रीच्या जेवणाला भाया भाकरी मोडता मोडता म्हणाले, "यंदा जोडच पुरंनात. रिंगण बोडकं दिसंल."

चुलीपुढून जाऊ बोलली, "माणसं कमी पडली तर बायका काय मेल्यात का?"

भाकरी तव्यावर फुगली आणि शांतपणे खाली बसली.

"बायका लाठी खेळतील?" भाया म्हणाले.

"रोज मुसळ उचलतोत, तवा न्हाई इचारलं कुनी."

भायांनी पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला. "तमाशा न्हाई करायचा मग. जयंतीच्या आत जोडीतल्या दोघींनी येकमेकींच्या खांद्याला येकयेक हात, म्हंजी लाठीचा वार, लावून दावायचा. खराखुरा. येकीला जमलं आन् येकीला न्हाई, तर दोघी बी घरी."

जावेने मला न विचारताच माझे नाव आपल्या नावाशी जोडून टाकले. मी पिठाच्या हाताने नुसती पाहत राहिले. नको म्हणायला मी तोंड उघडले असेन, पण आतून कोणीतरी टाळी वाजवत होते.

अडचण वेगळीच निघाली. भायांसमोर धाकट्या भावजयीने डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, त्यांच्याकडे पाहायचे नाही, थेट बोलायचे तर नाहीच, अशी आमच्याकडची रीत. वस्तीतल्या निम्म्या बायका कोणत्या ना कोणत्या नात्याने त्यांच्या भावजया होत्या. मग वस्तादासमोर कासोटा मारून उड्या कशा मारायच्या? त्यावर भायांनीच तोडगा काढला. कारखान्यामागच्या मोकळ्या आवारात त्यांनी भिंतीकडे तोंड करून बाज टाकली आणि आमच्याकडे पाठ करून बसले.

"बगणार न्हाई मी," ते भिंतीला म्हणाले. "आयकीन."

आम्हांला वाटले, ही पळवाट आहे. आठवडाभरात कळले की त्या पाठीला डोळ्यांपेक्षा जास्त दिसते. लाठी नीट बसली तर कडक, कोरडा आवाज येतो, खारीक फोडल्यासारखा. मनगट ढिले असेल तर तोच बांबू पोचट वाजतो. "ती तिसरी कोन हाय? मनगट झोपलं तिचं," असे भाया भिंतीला सांगत आणि ती तिसरी चपापून ताठ होई. माझ्यासाठीचा निरोप जावेच्या नावे यायचा. "तिला सांग, टाच उचल म्हनाव." मी दहा हातांवर उभी असे, मला लख्ख ऐकू येई, तरी जाऊ वळून मला सांगे, "टाच उचल म्हनायलेत." आणि मी टाच उचलत असे.

शाळा सुटली की मी पळतच घरी येई. इतकी ओढ मला लहानपणी कशाची लागली होती, आठवत नाही. आवारात पाऊल टाकताच सरकीचा तेलकट, किंचित आंबूस वास नाकात शिरे. कापसाचे तंतू हवेत तरंगत असत. ते पापण्यांवर बसत, घामाने ओठांवर चिकटत. लाठ्यांना करडईचे तेल चोळलेले असे, आणि रात्री झोपताना तळहात नाकाशी नेला की त्या तेलाचा आणि बांबूचा वास येई. तो वास घेत मी झोपायची. खांद्यावर, मांडीवर निळे-जांभळे डाग उमटत. मी ते अंघोळीच्या वेळी असे निरखत असे, जसे दुसरी कोणी नव्या बांगड्या निरखते.

एकटीने फिरवायचे हात मला सगळ्यांत लवकर आले. त्याचे कारण मी कोणाला सांगितले नव्हते. मी ते वृत्तात बसवले होते. भुजंगप्रयात: एक लहान, दोन लांब, एक लहान, दोन लांब. लहानाला पाऊल, पहिल्या लांबाला डोक्यावरून फिरकी, दुसऱ्याला खांद्याचा वार. कॉलेजात ज्या वृत्ताची बाराखडी मी बोटांवर मोजली होती ते आता माझ्या दंडांतून, कमरेतून, टाचांतून वाहत होते. लाठीच्या टोकाला हवा फाटत जाई आणि ती फाटणारी हवा छंदात गुणगुणे. कडेला बसलेल्या बायका म्हणत, "मास्तरणीची लाठी गायला लागली की बसून ऱ्हावं वाटतंय." मला तर आभाळाला डोके टेकल्यासारखे वाटायचे.

आणि जोड लागली की मी मार खात असे.

दररोज. न चुकता. जाऊ माझ्यापेक्षा बुटकी, थोडी जाड, लाठी फिरवताना तिची जीभ बाहेर येई. तिच्या हालचालीत डौल म्हणून काही नव्हता. पण माझा वार निघायच्या आतच तिची लाठी तिथे आडवी उभी असे, आणि माझा तोल सावरेपर्यंत खांद्यावर ठण्णकन बसलेली असे. तिचा हात पहिल्याच आठवड्यात लागून मोकळा झाला होता. माझा एकही लागत नव्हता. होळी झाली. इतर जोड्या एकेक करून पुऱ्या होत गेल्या. शेजारच्या आत्याबाईंनी तर आपल्या सुनेच्या खांद्याला असा हात लावला की दोघीही रडल्या आणि मग एकमेकींच्या गळ्यात पडल्या. आमची जोड तेवढी लोंबकळत राहिली.

माझ्यामुळे मी घरी राहिले असते तर मला चालले असते, अशी माझी मी समजूत घालत असे. पण जाऊ? तिने जयंतीसाठी पांढरे लुगडे घेऊन ठेवले होते. जात्यावर बसली की ती पायाच्या अंगठ्याने जमिनीवर पवित्रे रेखायची. ज्या बाईने हा सगळा खेळ तोंडाने ओढून आणला तीच माझ्या पायी मिरवणुकीत कडेने चालणार होती.

एका संध्याकाळी तिने मला हात दिला. मी नेहमीप्रमाणे वार केला, तिची लाठी वर यायला अर्धा क्षण उशीर झाला, आणि माझे टोक तिच्या खांद्याला टेकले. ती केवढ्यांदा ओरडली, "लागला! लागला गं बया!"

बायकांनी गलका केला. भिंतीकडून आवाज आला, "दिलेला हात मोजत न्हाई मी."

जावेचे कान लाल झाले. "कुनी दिला? तुमी बघितलं का?"

"लाठी थांबल्याली आयकली."

घरी परतताना ती माझ्यापुढे चार पावले चालत होती. वाटेत मी म्हटले, "अक्का, तुम्ही दुसरी जोडीदारीण घ्या."

ती गर्रकन वळली. "आन् तू काय करशील? वह्या तपाशील?"

"तुमची तरी जोड होईल."

"मला जोड पायजे तर ती तुझ्यासंगं पायजे. दुसऱ्या कुनाला मारून मला येवढं सुख लागत न्हाई," ती म्हणाली, आणि आम्ही दोघींनी रस्त्यातच हसत बसकण मारली.

दुसऱ्या दिवशी सराव संपल्यावर भायांनी जावेला जवळ बोलावले. मी पदर ओढून लाठ्या गोळा करीत होते. ते नेहमीपेक्षा मोठ्याने बोलत होते, म्हणजे मलाच सांगत होते. "तिची लाठी लय गोड हाय, सांग तिला. पर मला पाठ झाली. भिताडाकडं बघून मी सांगतो आता पाऊल, आता फिरकी, आता वार. तुला तर कवाच पाठ झाली आसंल. जे पाठ हाय त्यानं कुनाला मार लागतोय व्हय?"

मी लाठ्या तशाच सोडून उभी राहिले. मुलींच्या कवितांच्या वह्यांत मी तांबड्या पेन्सिलीने यतिभंग दाखवीत असे. विराम जिथे पडायला हवा तिथे पडला नाही, शब्द मध्येच तुटला, की मी खाली रेघ ओढून चूक लिहायची. आणि माझ्या लाठीचे दुखणे असे होते की तिच्यात एकही चूक नव्हती.

त्या रात्री मी अंथरुणात पडल्या पडल्या वृत्त मोडू लागले. ते किती अवघड असते! शरीराला एकदा छंद कळला की ते त्याच्या कुशीतून बाहेर यायला तयार नसते. एक लहान, दोन लांब. मी मुद्दाम अडखळले की ते अडखळणेही पुढच्या खेपेला ठराविक जागी येई, आणि जाऊ दुसऱ्याच दिवशी तेही ओळखे. "आता थांबशील," ती म्हणे, आणि मी थांबत असे. ठण्ण.

मग मला तिचाच आवाज उपयोगी पडला. एका पहाटे ती दळत होती. तिच्या ओवीला मात्रांचे बंधन नव्हते. दाणे जास्त पडले, जाते जड झाले की ती शब्द ताणायची. जाते हलके झाले की चार शब्द एका दमात गिळायची. ओळ कुठे संपेल ते तिलाही आधी ठाऊक नसे, ते दगडाला ठाऊक असे. मी दारात उभी राहून ऐकत राहिले आणि अंगावर काटा आला. मी आजवर मनातल्या आकड्यांकडे लक्ष देऊन खेळत होते. समोरच्या वजनाकडे कधी दिलेच नव्हते.

जयंतीच्या आदल्या संध्याकाळी आमची शेवटची पाळी होती. ऊन उतरले होते, तरी जमिनीतून वाफ येत होती. पायांखालची धूळ पिठासारखी कोमट होती. बाकीच्या बायका भोवती कोंडाळे करून बसल्या. जाऊ पवित्र्यात आली, जीभ ओठांच्या कोपऱ्यात. मी तिच्या डोळ्यांकडे पाहिले नाही. तिचा उजवा पाय पाहत राहिले. तो धुळीत किती रुततो, कधी सुटतो. पहिले दोन वार तिने सहज अडवले. तिसऱ्याला मी पाऊल टाकले, फिरकी घेतली, लाठी डोक्यावर आली, आणि वार आला नाही. तिची लाठी तिथे जाऊन उभी राहिली जिथे माझी असायला हवी होती. मी दम धरून होते. माझ्या कानांत रक्त वाजत होते. धुळीतली तिची टाच वाराची वाट पाहून सैल पडली, आणि त्याच क्षणी माझी लाठी, मी सोडली की तीच सुटली सांगता येणार नाही, खाली आली.

तो आवाज बांबूवर बांबूचा नव्हता. ओले धुणे दगडावर आपटावे तसा होता.

"आगं माझी माय!" जाऊ खांदा धरून खाली बसली. "मोडलास की गं खांदा!" आणि दातओठ खात, डोळ्यांत पाणी आणून, तिने मला शिव्यांची अशी लाखोली वाहिली की कोंडाळ्यातल्या म्हाताऱ्यासुद्धा लाजल्या. मी तिच्याजवळ गुडघे टेकले. तिने माझी मान धरून कपाळाला कपाळ आपटले.

"ह्यो खरा," भिंतीकडून आवाज आला. "उद्या येळंवर या म्हनाव."

दुसऱ्या दिवशी सगळ्यांसारखी मीही पांढरे लुगडे नेसले. हलग्या तापवून घेतल्या होत्या. त्यांचा कडकडाट छातीच्या पिंजऱ्यात शिरत होता. निळ्या निशाणांखाली माणसांचा पूर होता आणि त्यातून पहिल्या चौकात रिंगणापुरती जागा मोकळी झाली. पुरुषांच्या जोड्या झाल्या. मग आमचे नाव पुकारले. मी मध्ये गेले तेव्हा गर्दीतून माझ्या वर्गातल्या मुली किंचाळल्या, "बाई! आपल्या बाई!" कोणीतरी म्हणाले, "बायका काय खेळणार!" आणि जावेने त्या दिशेला लाठी रोखून विचारले, "येतूस का मदी?" तो माणूस आला नाही.

मग ती माझ्यावर चालून आली. कालच्या खांद्याचे सगळे उसने तिने फेडले. मला बरगडीला बसली, नडगीला बसली. माझीही तिच्या दंडाला एकदा बसली आणि गर्दीतून उठलेली आरोळी मला तळपायांतून ऐकू आली. धूळ, घाम, हलगी, गुलालाचा वास, तिचे धापावलेले हसणे. पदर कमरेला होता आणि मला त्याची आठवणही नव्हती. ठरल्याप्रमाणे आम्हांला याच एका चौकात खेळायचे होते. हलगी थांबली तेव्हा आम्ही दोघी लाठ्यांवर भार टाकून धापा टाकत उभ्या होतो.

गर्दीच्या कडेला भाया होते. मिरवणुकीकडे पाहत, हात वर करून, कोणालाच उद्देशून नव्हे असे त्यांनी ओरडून सांगितले, "ही जोड म्होरल्या चौकात बी!"

जावेने माझ्याकडे पाहिले. आम्ही लाठ्या उचलल्या, कासोटे चाचपले आणि मिरवणूक पोचण्याआधीच पुढच्या चौकाकडे धावत सुटलो.