भावाच्या तांब्यातलं दूध

जिलेसिंगला स्वतःचं दूध बंद झाल्याचं दुःख होतंच. पण त्याहून मोठं दुःख हे, की दरियावसिंगचं चालू राहिलं.

दोघं सख्खे भाऊ. दोघांची घरं एकाला एक लागून, मधे कमरेएवढी भिंत. दिवस कलला की दोन्ही अंगणांतल्या हाऱ्यांवरून, म्हणजे मातीच्या चुलींवरून, मडकी उतरायची. सकाळी काढलेलं म्हशीचं दूध दिवसभर गोवऱ्यांच्या मंद धगीवर तापून गुलाबी झालेलं असायचं, वर भाकरीसारखी जाड साय. पलीकडे दरियाव खाटेवर बसून पितळी तांब्या तोंडाला लावायचा आणि एका दमात संपवायचा. अलीकडे जिलेसिंग भिंतीकडे पाठ करून बसायचा. पण कानांना पाठ कशी करणार?

"झाला भाईचा तांब्या," तो बायकोला म्हणायचा.

"दुसऱ्याच्या तांब्याकडं बघू नका. डाळ खा मुगाची," भतेरी म्हणायची.

"बघतोय कोण? ऐकतोय."

हे दुखणं आजचं नव्हतं. दरियाव दहा वर्षांचा झाला तेव्हा बापानं त्याला आखाड्यात घातलं. घरात म्हैस एकच. साय पैलवानाला, लोणी पैलवानाला, खिचडीवरचं तूप पैलवानाला. चार वर्षांनी धाकट्या जिलेसिंगच्या वाट्याला ताक. एकदा त्यानं मडक्यातली साय बोटानं उचलली, तर आईनं हातावर फुंकणी मारली. "भावाच्या तोंडचं काढतोस? तुला कुठं कुस्ती खेळायचीय!" दरियावनं पुढं आसपासच्या पाच गावांपलीकडे एकही कुस्ती मारली नाही आणि लग्नानंतर आखाडाही सोडला. सायीचा हिशोब मात्र जिलेसिंगच्या मनात तसाच राहिला.

तो बसवर ड्रायव्हर झाला, तेव्हा त्यानं पहिल्यांदा म्हैस घेतली. मुऱ्हा, काळी कुळकुळीत, शिंगं जिलेबीसारखी वळलेली. त्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ तांब्याभर दूध, सायीसकट. पस्तीस वर्षं खंड नाही. कंडक्टरला तो सांगायचा, "गाडी मी नाही ओढत, माझी म्हैस ओढते." शिवाय एका बाबतीत तो थोरल्याच्या पुढे होता. दरियावला चार मुली, याला दोन मुलगे. तेवढ्यावर त्याला शांत झोप लागायची.

निवृत्तीनंतर दुसऱ्याच वर्षी माडी चढताना त्याची छाती भरून येऊ लागली. मुलानं रोहतकला नेलं. तिथली डॉक्टरीणबाई जवळच्याच खेड्यातली, जाटाचीच पोर. कागद बघून ती म्हणाली, "ताऊ, दूध बंद."

"बेटी, म्हशीच्या दुधानं माणसं मरत असती तर आमच्या गावात उरलं कोण असतं?"

"दूध वाईट नाही, ताऊ. तुमच्या हाडांकडं बघा, अजून खणखणीत आहेत. अंगात ताकद आहे, ती त्याच दुधाची. पण गाईच्या दुधापेक्षा यात जवळजवळ दुप्पट चरबी. पचायला जड. नांगर धरणाऱ्याला जिरतं. तुम्ही जन्मभर बसून होतात, आणि आता खाटेवर बसता. ती चरबी शिरांत जमलीय. तीन महिने पथ्य पाळा. नाही उतरली, तर शिरेत तार घालून बघावं लागेल."

तार एवढा शब्द जिलेसिंगला पुरला. त्यानं दुधाला शिवायचं नाही असं ठरवलं आणि खरंच शिवला नाही. तीन महिन्यांनी परत तपासणी झाली. चरबीचा आकडा वाढलेला.

"दूध प्यालात," डॉक्टरीणबाई म्हणाली.

"थेंब नाही. म्हशीची शप्पथ."

"मग खाता काय?"

"साधं. सकाळी बाजरीची रोटी आणि ताक."

"नुसतं ताक?"

"नुसतं कसं? लोण्याचा गोळा असतोच वर. शेजारी ताक मागायला आला तरी आम्ही गोळा घालून देतो, मग घरच्या माणसाला बिनगोळ्याचं देऊ?"

"बरं. आणखी?"

"दूध बंद झाल्यानं अशक्तपणा आला, म्हणून भतेरी रोज चुरमा करते."

"तुपातला?"

"पाण्यातला चुरमा कधी पाहिलायस, बेटी?"

डॉक्टरीणबाईनं पेन खाली ठेवलं. "ताऊ, मी काय बंद केलं होतं?"

"दूध. तुपाचं तू नाव तरी काढलंस का?"

ती हसली नाही. त्यावरून जिलेसिंगला कळलं, की प्रकरण गंभीर आहे. तरी त्याच्या तोंडून जे निघालं ते वेगळंच होतं. "माझा भाई माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. जन्मापासून माझ्या दुप्पट प्यालाय, आजही तांब्या रिकामा करतो. आधी त्याला तपास."

"घेऊन या," ती म्हणाली.

दरियाव तयारच होईना. "मला काय धाड भरलीय?"

"भाई, तुझं तोंड उतरलंय. सगळं गाव बोलतंय," जिलेसिंगनं बेधडक ठोकून दिलं. चार दिवस तेच तेच ऐकून दरियावनं आरशात पाहिलं आणि निघाला. बसमध्ये खिडकीशी बसून जिलेसिंग देवाला विनवत होता. भावाचं वाईट व्हावं असं नाही. तार वगैरे नकोच. फक्त आपल्यापेक्षा एक आकडा जास्त निघावा. मग आपण सुखानं जन्मभर मुगाची डाळ खाऊ.

दरियावचा कागद स्वच्छ निघाला.

"यंत्र बिघडलंय," जिलेसिंग म्हणाला.

"यंत्र ठीक आहे. ताऊ, दूध किती पिता?" तिनं दरियावला विचारलं.

"तांब्याभर. दोन्ही वेळ."

"सायीसकट?"

दरियाव गडगडून हसला. "साय? आमच्या घरात ती माझ्यासाठी असते होय? चार मुली आहेत, बेटी. प्रत्येकीच्या प्रत्येक बाळंतपणाला माहेरून तुपाची घागर गेली पाहिजे. एकीची उठतेय तोवर दुसरीची. आता धाकटीला दिवस गेलेत. पंचवीस वर्षं माझी बायको मूर्ती साय काढून दह्यात घालते आणि खालचं पांढरं पाणी मला पाजते. मी डोळे मिटून गटागट ओततो. चव घेण्यासारखं काही असतं तर हळूहळू नसतो प्यालो?"

"आणि काम?"

"चार जनावरांच्या वैरणीची कुट्टी हातानं करतो. चाक फिरवायला दुसरं आहे कोण?"

जिलेसिंग मनातल्या मनात हिशोब करू लागला. दोन मुलगे असलेल्या घरातून घागर कुठंच जाणार नव्हती. पस्तीस वर्षांची सगळी साय घरातच राहिली होती, त्याच्या शिरांत.

"पण आखाड्यात असताना?" त्यानं विचारलं. आवाज लहान पोरासारखा झाला होता. "तेव्हा तर सगळी तुलाच होती."

"तेव्हा ओकारी यायची रे! आई नाक दाबून घालायची. तू कोपऱ्यात मजेत ताक पीत बसायचास. मला तुझा असा राग यायचा!"

परतीच्या बसमध्ये जिलेसिंग एकेक गोष्ट उलगडत बसला. आपण ज्याच्यासाठी फुंकणीचा मार खाल्ला, ते यानं ओकारी दाबत गिळलं. ज्या तांब्यावर तीन महिने जळलो, त्यात पाणी होतं. आणि ज्या चार मुलींवरून आपण मनातल्या मनात त्याची कीव केली, त्यांनीच त्याला वाचवलं. या माणसाला सगळं न मागता मिळतं, मुलीसुद्धा!

घरी येताच त्यानं भतेरीला सांगितलं, "चुरमा बंद. ताकातला गोळा बंद. मडक्यावरची साय रोज काढायची. बिनसायीचं दूध वाटीभर चालेल म्हणालीय डॉक्टरीणबाई."

"मग एवढ्या सायीचं करू काय?"

भिंतीपलीकडे दरियावची खाट कुरकुरली. जिलेसिंगनं मुद्दाम आवाज चढवला.

"तूप कर. आमच्या धाकट्या पुतणीला दिवस गेलेत. यंदाची घागर काकाच्या घरून जाईल. भाभीच्या घागरीपेक्षा मोठी बघ."

"अरे, मोठी कशाला?" पलीकडून दरियाव ओरडला. "स्पर्धा आहे का?"

"तू तुझं पाणी पी!"

भतेरीनं पदर तोंडावर ओढला, थोरल्या दिरासमोर हसू दिसू नये म्हणून.

पुढचे तीन महिने जिलेसिंग सकाळी भिंत ओलांडून जायचा आणि भावाच्या हातून कुट्टीचं चाक काढून घ्यायचा. दरियाव वैरण सारायचा आणि म्हणायचा, "हळू, ड्रायव्हरसाहेब, ही बस नाही." घागर वेळेवर पोचली. पुतणीनं फोनवर सांगितलं, की काकांचं तूप जास्त रवाळ आहे. ते वाक्य जिलेसिंगनं तीनदा वदवून घेतलं, शेवटचं भिंतीजवळ उभं राहून.

तपासणीला तो एकटाच गेला. डॉक्टरीणबाईनं कागद वाचला आणि पहिल्यांदा हसली. "ताऊ, चरबी उतरलीय बरं का. तार नको. असंच चालू ठेवा."

जिलेसिंगनं खुर्ची पुढे ओढली.

"ते ठीक आहे, बेटी. भाईच्या आकड्यापेक्षा अजून किती वर आहे?"