मऊ भिंती

गादीकाम करणाऱ्या त्या भल्या माणसानं आंधळ्या थोरल्या बहिणीला कुठं काही लागू नये म्हणून घरभर गालिचे अंथरले, भिंतींनाही गाद्या ठोकल्या. वरून वीस वर्षं तिला हात धरूनच दाराशी नेलं. याचं त्याला कोण कौतुक!

मग ताई अंधांच्या संस्थेत जाऊन टाळूला जीभ लावून 'टक्क' करायला आणि भिंतीवर आपटून परतणाऱ्या आवाजावरून चालायला शिकली. घरी मात्र ती चाचपडायचीच. शिकवणाऱ्या बाई घरी आल्या, एकदा टक्क करून म्हणाल्या, "दादा, तुमच्या गाद्या सगळा आवाज गिळतात."

त्यानं भिंती उघड्या केल्या, गालिचे गुंडाळले. ताईनं टक्क केलं, सरळ चालत जाऊन कडीला हात घातला.

"दार एवढंच लांब होतं होय रे?"