शनिवारी आलेली आयोली

पोरांनो, तुमच्या आईने पाठवलेल्या आयोलीच्या बरणीचं काय केलं, असं तुम्ही फोनवर विचारलंत आणि मी "संपत आली" एवढंच म्हणाले. बाकीचं क्रमाने लिहिते.

बरणी इकडे गावी, केशोरीला पोचली तेव्हा तुमच्या आजोबांना तापातून उठून बरेच दिवस झाले होते, पण तोंडाची चव परतली नव्हती. दोन चमचे पेज घ्यायची आणि वाटी सरकवायची. विचारलं तर म्हणायचे, मातीसारखं लागतं. तलावाच्या पाळीवरून रोज फिरून येणारा माणूस, अंगणातल्या बाजेपर्यंत भिंत धरून जात होता. डॉक्टर म्हणाले, औषधाचं काम झालं, आता पोटात अन्न गेलं पाहिजे. मला त्यांच्या मनगटांकडे बघवत नसे.

बरणीवरचा इंग्रजी कागद मी चष्मा लावून वाचला. भाजलेला लसूण, तेल, अंड्याचा बलक, लिंबू, लाल मिरची. मोठ्या जाऊबाईंनी नाव विचारलं. मी सांगितलं, आयोली.

"आयोली? कोनाची आय ओली झाली वं?"

बाजेवरून आजोबांच्या हसण्याचा आवाज आला. हसता हसता त्यांना ठसका लागला, पण मी पाणी घेऊन धावले नाही. पुरतं हसू दिलं. मग त्यांनी बरणी मागवली, झाकण उघडून वास घेतला आणि पुन्हा एकदा घेतला.

"याच्यात अंडा आहे का?"

मी हो म्हणाले.

"आज शनवार."

मारुतीच्या वारी त्यांनी कधी अंडं खाल्लेलं नाही. इतक्या दिवसांनी काहीतरी खावंसं वाटलं आणि नेमका आजच शनिवार. जाऊबाईंनी समजावलं, आजारी माणसाला सूट असते, मारुती काही रागवत नाही. आजोबांनी बरणी माझ्या हातात दिली.

"ठेवून दे. उद्या खातो. चिला करजो."

मी आत जाऊन तांदूळ भिजत घातले. उद्या काय खाल, हे इतके दिवस मी विचारत होते आणि ते मान हलवत होते. आज त्यांनी स्वतःहून सांगितलं होतं.

रविवारी घावनासारखा पातळ चिला काढला, कडा चांगल्या कुरकुरीत होऊ दिल्या. ताटाच्या कडेला चमचाभर आयोली वाढली. त्यांनी पहिला घास बराच वेळ तोंडात ठेवला. मी तव्याकडेच बघत होते.

"लसनाची चव येऊन राहिली," ते म्हणाले आणि ताट पुढे केलं. मी दुसरा चिला वाढला.

त्यानंतर रोजच्या जेवणात बरणी येऊ लागली. जाऊबाईंनी एकदा उकळत्या वरणात चमचाभर घातली, तर तेल फुटून वर तरंगलं. तेव्हा एवढं लक्षात ठेवा, ही शिजवायची नाही, वरून घ्यायची. उकडलेल्या अरबीच्या कंदांवर चांगली लागते. लाखोळीच्या डाळीचे वडे तळले की चटणीऐवजी तीच. तलावातली मासोळी तळली त्या दिवशी आजोबांनी लिंबू बाजूला सारून तिलाच पसंती दिली. शिळ्या भाकरीवर पातळसर पसरून वर चिरलेला कांदा, हा जाऊबाईंचा शोध. मी मात्र ती दह्यात घोटून काकडीवर घालते. जेवणाऱ्याला नुसता लसूण जड जात असेल तर तुम्हीही तसंच करा.

आजोबांच्या पायात अजून पूर्वीची ताकद आलेली नाही. तलावाच्या पाळीपर्यंत जातात, मग तिथे बसतात आणि परत येतात.

काल जेवताना त्यांनी जाऊबाईंनी केलेल्या वांग्याच्या भाजीचा घास घेतला आणि थांबले.

"वयनी, भाजी अळणी झाली."

एरवी जाऊबाईंनी चार शब्द ऐकवले असते. त्यांनी बोटावर भाजी घेऊन चाखली आणि माझ्याकडे पाहिलं. मीठ खरंच कमी होतं.