साडूची गाडी, सासऱ्यांची सीट

जगातल्या बहुतेक दुःखांचं मूळ चुकीच्या कॅमशाफ्टमध्ये आहे, असं मानणारा एकच माणूस मला ठाऊक आहे आणि तो माझा धाकटा साडू आहे. नोकरी कोराडीच्या वीजकेंद्रात, जीव मात्र स्वतःच्या जुन्या टर्बो गाडीत. इंजिनाच्या झडपा उघडणाऱ्या या दांड्यावरचे फुगवटे, म्हणजे कॅम, किती उंच, किती रुंद असावेत, हे तो जेवताना काकडी कोरून दाखवतो. त्याच्या घरच्या कोशिंबिरीत धड काकडी मी पाहिलेली नाही. एका लग्नात त्यानं मला मांडवाच्या दाराशीच धरलं. "साडूभाऊ, आत यायचं अन् बाहेर जायचं दार संगच जास्त वेळ उघडं ठेवलं, तर काय होते? टर्बो तिकडं बाहेरच्या दारात अडून बसला राह्यते. जळालेला धूर वापस इंजिनात, म्हंजे जेवलेले लोक वापस पंगतीत घुसतात ना गा!" पंगतीतले लोक हसले. माझ्या बोलण्यावर ते कधी हसत नाहीत.

स्वतःच्या गाडीत मात्र त्यानं नेमका तसाच दांडगा कॅम बसवला होता. मोकळ्या रस्त्यावर ती सुसाट सुटे, सिग्नलला पिठाच्या गिरणीसारखी थरथरे, आणि तो ती थरथर गाणं ऐकावं तशी ऐके. तरीही खाप्याहून नागपूरला येताना आमचे सासरे त्याच्याच शेजारी बसत. माझ्या नव्या गाडीबद्दल ते एवढंच म्हणत, "चांगली हाय जवाईबापू. पण लहाना येते ना घ्याले."

यंदा त्यांच्या कमरेचं ऑपरेशन झालं. हादरे नकोत, असं डॉक्टरांनी बजावलं. आता ते माझ्याच गाडीत बसणार, याचा मला कमरेच्या दुखण्याला न शोभणारा आनंद झाला. तपासणीच्या दिवशी मी खाप्याला पोचलो, तर साडूची गाडी दारात उभी. इंजिन सुरू होतं, पण बोनेटवर हात ठेवल्यावरच ते कळलं.

"कॅम बदलला?"

"मवाळ लावला. बाबाच्या कमरेले थरथर चालत नाही."

"अन् तुझा वेग?"

"वेग काय चाटाचा हाय, साडूभाऊ?"

नागपूरपर्यंत मी त्यांच्या मागेच होतो. मागच्या काचेतून सासऱ्यांची मान कलंडलेली दिसत होती. ते गाढ झोपले होते. माझीही गाडी शांतच आहे. पण ती कारखान्यातूनच तशी आली आहे, कुणासाठी शांत झालेली नाही. शेजारच्या सीटवर त्यांच्यासाठी घेतलेली उशी होती. वळणावर ती घसरली, तेव्हा मी एका हातानं सावरली.