पार्टी आली म्हणजे कोण आलं

आमच्या शाळेत इंग्रजी पाचवीपासून होतं आणि मी चौथीनंतर घरी बसले. पण 'पार्टी' हा शब्द आमच्या जळगावच्या घरात मिठासारखा रोज लागायचा. आमचे हे सराफाच्या दुकानात कामाला. जेवताना सांगायचे, "आज चोपड्याची मोठी पार्टी आली होती." म्हणजे गिऱ्हाईक. निवडणुकीत भोंगा लावलेली जीप गल्लीत शिरली, की पार्टी म्हणजे झेंडा. शेजारी डाळीचा व्यापार होता. तिथे कुणी म्हणे, "त्या पार्टीचा माल चांगला असतो." मी भाजी निवडता निवडता ऐकायची. एवढासा शब्द, किती घरी राबतो! विचारायची मात्र लाज वाटायची.

लेकीसाठी स्थळं पाहायला लागलो, तेव्हा तो शब्द आमच्याही घरी राबायला आला. "रविवारी पार्टी येतेय," असं हे म्हणाले, की मी पाट पुसायला घ्यायची. लेक माझ्यावर गेलेली. पाटावर बसवली, की मान खाली. नाव विचारलं तर ओठ हलायचे, आवाज यायचा नाही. दोन ठिकाणांहून निरोप आला, मुलगी चांगली आहे, पण बोलत नाही. आता आणखी एक नकार आला, तर ही पुन्हा पाटावर बसायची नाही, हे मला तिच्या तोंडावर दिसत होतं.

हिवाळ्यात धुळ्याकडचं स्थळ आलं. ह्यांनी ठरवलं, घरात नको, दिरांच्या शेतात भरीत पार्टी करू. म्हणजे जेवणही पार्टी आणि जेवायला येणार तीही पार्टीच! काळजीतसुद्धा मला याची गंमत वाटली.

शेतात पाट नव्हताच. मुलगा नि त्याचे वडील जाळाजवळच्या खाटेवर टेकले, मुलाची आई सरळ आमच्याजवळ मातीत बसली आणि कांद्याची पात निवडायला लागली. ह्यांना पाहुण्यांसमोर हौस आली. कपाशीच्या काड्या पेटवल्या आणि टोपलीतली हिरवी वांगी स्वतःच्या हाताने भराभर जाळात टाकली. थोड्या वेळाने फट्‌कन आवाज झाला. एक वांगं फुटलं आणि त्याचा गर मुलाच्या वडिलांच्या पांढऱ्या टोपीवर!

मी पाण्याचा तांब्या शोधायला लागले.

"नाना, टोचल्याशिवाय टाकली ना!" लेक ह्यांच्यावर ओरडली. तिने ह्यांना बाजूला सारलं, काडीने वांगी जाळाबाहेर ओढली, बाभळीचा काटा घेतला आणि एकेक टोचू लागली. "तुम्ही तिकडे बसा. इथे हात लावू नका."

मुलाच्या वडिलांनी टोपी काढून पाहिली. ह्यांना म्हणाले, "भाऊ, ठरायच्या आधीच हळद लावता का?"

मुलाची आई हसून हसून लाल झाली. "माय वं! हाई पोर ते बोलस!" ही पोर तर बोलते, असं अहिराणीत म्हणत ती लेकीशेजारी सरकली आणि भाजलेल्या वांग्यांची सालं काढायला लागली. मग दोघींचं सुरू झालं. मिरची भाजून घ्यायची की तळून, वांगी बारीक कुटायची की जाडसर. मान खाली दोघींचीही होती, पण कामामुळे. त्या जाळाभोवती कोण कुठल्या पार्टीचं, हे मला ओळखू येईना.

जाताना पाहुण्यांनी पसंती सांगितली. ह्यांनी लगेच पेढे आणायला माणूस पाठवला. मी मात्र लेकीला विहिरीकडे नेलं. पाणी ओतत विचारलं, "आणि तुझं काय?"

ती हाताची काळी राख चोळत राहिली.

"त्यांच्याकडे भरीत जाडसर कुटतात म्हणे," ती म्हणाली. "चालेल मला."