माहेरचं गरम पाणी

लग्न आदल्या संध्याकाळी लागलं होतं आणि नाशिकला जाणारी वऱ्हाडाची गाडी सकाळी सुटायची होती. पहाटे आईने मला उठवलं आणि अकलोलीच्या कुंडावर नेलं. मी रोजच जायची तिथे. आमच्या गावात आंघोळ म्हणजे कुंड. जमिनीतून पाणी गरमच येतं, चूल पेटवायची ती भात-आमटीला. आईने माझे केस धुतले, पिळले आणि पिळता पिळताच म्हणाली, "तिकडे पाणी तापवावं लागतं गं. लवकर उठत जा." लेक सासरी निघाली, तर ही काहीतरी मोठं बोलेल असं मला वाटलं होतं. घरी येऊन तिने तांदूळ, नारळ, खण घालून माझी ओटी भरली आणि बजावलं, या गावातून रिकाम्या ओटीने कधी जायचं नाही. ओल्या केसांनीच मी गाडीत बसले आणि कसारा घाट चढेपर्यंत रडले.

माझ्या गावच्या मुलींनो, लग्न होऊन तुम्हीही सगळ्या तिथून अशाच निघालात, म्हणून हे तुम्हालाच लिहिते. तुमच्या सासरी पाणी तापवायचं प्रकरण कसं झालं ते मला ठाऊक नाही. माझी मात्र पहिल्याच सकाळी शोभा झाली. माघातली नाशिकची थंडी, बाहेर पाऊल टाकवत नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, मागच्या अंगणात बंब आहे तो पेटव. मी नारळाच्या करवंट्या घालून असा काही पेटवला की बस्स. आत पाणी घालायचं असतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं! थोड्या वेळाने तोटीचा झाळलेला सांधा सुटला आणि तांब्याचा तो पिढीजात बंब काळानिळा झाला. सासूबाई धावत आल्या. आता आपलं काही खरं नाही, म्हणून मी भिंतीला चिकटून उभी. त्यांनी आत डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं, पानी वरून वतायचं असतंय. तुमच्याकडं काय खालून येतंय का?"

मी म्हटलं, "हो."

सासूबाई दिंडोरीकडच्या शेतकऱ्याची लेक, हसायला लागल्या की पदर तोंडात कोंबायच्या. पुढे कितीतरी वर्षं आल्या-गेल्याला ही गोष्ट सांगितली गेली, आणि दर वेळी शेवटी एक वाक्य ठरलेलं असायचं, "एकदा बघायचंय मला ते खालून येणारं पानी."

दुसरी गोष्ट मात्र त्यांनी कधीच कुणाला सांगितली नाही. लग्नानंतर महिनाभराने मी ट्रंकेत तोंड खुपसून रडताना त्यांना सापडले. माझ्या साड्यांना आपल्या कुंडाचा गंधकाचा वास असायचा, तो त्या दिवशी गेला होता. त्यांनी काय झालं विचारलं, मी खरं ते सांगून टाकलं. एक साडी उचलून त्यांनीही हुंगून पाहिली आणि घडी करून परत ठेवली.

आई होती तोवर मी जात राहिले, दर वेळी ओटी घेऊन परतत राहिले. ती गेल्यावर वहिनीने दोन-तीनदा भरली. मग भावाने घर विकलं आणि तो मुलांच्या शिक्षणासाठी वसईला गेला. त्याचंही काही चुकलं नाही. पण मी जाणं बंद केलं ते केलंच. सासूबाईंनी विषय काढला की माझी कारणं तयार असायची: तुमचे गुडघे, तिथली गर्दी, यांची सुट्टी. खरं कारण एवढंच होतं, की तिथे जाऊन मी कुणाच्या दारात उभी राहू?

यंदा संक्रांत झाली आणि सासूबाई हटूनच बसल्या. आता ऐंशीच्या घरात आहेत, गुडघे धरलेत. "अजून किती लांबवणार हायेस?" म्हणाल्या. हे म्हणाले, गाडी करतो, सकाळी जा, संध्याकाळी या. पण काचा बंद केलेल्या गाडीत त्यांना मळमळतं. एसटीची खिडकी असली की मुंबईपर्यंत ठणठणीत. शिवाय पंच्याहत्तरीपुढे एसटीत तिकीट नाही, याचा त्यांना कोण अभिमान! आधार कार्ड कंडक्टरने मागायच्या आधीच काढून बसतात.

मग मी ठरवायला बसले. फोनवरचा नकाशा कारचा रस्ता दाखवायचा, एसटीचं विचारलं की गप्प. शेवटी महामार्ग स्टँडवर जाऊन खिडकीवर चौकशी केली. माझ्याच गावाला गाडी कशी मिळेल, हे मला खिडकीवर विचारावं लागलं! पूर्वी बाबा पोस्टकार्डावर कळवायचे आणि नाक्यावर येऊन उभे राहायचे. बेत असा ठरला: पहाटेच्या गाडीने भिवंडी, तिथून वज्रेश्वरीची एसटी, पुढे अकलोलीपर्यंत रिक्षा, आणि उजेड आहे तोवर परतीला लागायचं, कारण रात्री टेकायला आता ओसरी नव्हती. आपल्या गावच्या मुलींच्या ग्रुपवर टाकलं तेव्हा बोईसरवालीने लिहिलं, नुसती जा तू, विचार करू नको. दुबईवालीने लिहिलं, कुंडाचा फोटो टाक, घराचा नको टाकू.

सासूबाई खिडकीशी बसल्या. मांडीवर कापडी पिशवी; मी घेते म्हटलं तर हात झटकला. कसारा उतरताना स्वेटर काढले, भिवंडीला गाडी बदलली. वज्रेश्वरीच्या गाडीत कंडक्टरने सहज विचारलं, दर्शनाला का? मी हो म्हणणारच होते. सासूबाईच म्हणाल्या, "नाय. हिच्या माहेरी चाललोय." मी बाहेर बघत बसले. डोळ्यांना पाणी आलं होतं आणि ते त्यांना दिसायला नको होतं.

आमचं घर राहिलेलं नाही. तिथे दोन मजली लॉज आहे. जिथे आई धान्य वाळत घालायची तिथे खुर्ची टाकून एक बाई बसली होती. आम्हाला पाहून तिने विचारलं, रूम पाहिजे का? फ्रेश व्हायला तासावर पण मिळेल. बिचारीला काय माहीत. मी नको म्हटलं आणि चालू लागले. सासूबाईंनी वळून एकदा त्या लॉजकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि माझा दंड धरला. म्हटलं तर गुडघ्यांसाठी.

कुंडाला आता फरश्या आहेत, धरायला दांडा आहे. वास मात्र तोच. बायकांच्या कुंडात त्या नऊवारीनिशी पायरी पायरी उतरल्या आणि छातीपर्यंत पाण्यात बसल्या. मग वाकून तळाच्या दगडावर तळवा टेकवला.

"खालूनच येतंय की गं," म्हणाल्या, आणि ओला पदर तोंडात कोंबून हसायला लागल्या. मीही हसले. शेजारच्या बायका बघत राहिल्या.

कपडे बदलून निघायची वेळ झाली. मी घड्याळ बघत होते, गाडी चुकायला नको. सासूबाई पायरीवर बसल्या आणि त्यांनी पिशवी उघडली. आत नारळ, खण आणि घरच्या डब्यातले तांदूळ. कुंकवाची डबी हातात घेऊन त्या थांबल्या. सासरे जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. तेव्हापासून त्यांनी कुणाची ओटी भरली नव्हती, हळदीकुंकवालाही त्या आतल्या खोलीत बसायच्या. मी कितीदा भांडले असेन त्यावरून, पण त्या ऐकायच्या नाहीत.

"मला चालत नाय, ठाऊक हाय," डबी माझ्या हातात देत त्या म्हणाल्या. "कुंकू तुझं तू लाव. पण हितून तू रिकामी कशी जाशील?"

मी पदर पसरला. त्यांनी ओटी भरली, थोडे तांदूळ पायरीवर सांडले. मी डबी त्यांच्याच हातात परत दिली आणि कपाळ पुढे केलं. लावलं त्यांनी. मग मी तिथेच त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकून, आई गेली तेव्हा रडले नव्हते इतकी रडले.

घर विकलं जातं, मुलींनो, आणि ते फार लागतं, मी नाही म्हणणार नाही. पण मला वाटत होतं की माहेरही त्यातच गेलं. ते माझ्या नाशिकच्या स्वयंपाकघरात लसूण सोलत बसलेलं होतं, आणि मी त्याला गुडघ्यांची कारणं सांगत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी यांनी नेहमीसारखा गिझर लावला. सासूबाईंनी आतून बंद करायला सांगितला. आमच्या घरात पारोशाने चुलीला हात लावलेला त्यांनी उभ्या जन्मात चालवून घेतला नाही, मला ताप असतानासुद्धा. यांनी काळजीने विचारलं, बरं वाटत नाही का?

"बरं हाय," त्या म्हणाल्या. "अंगाला वास हाय अजून हिच्या माहेरचा. आजच्या दिस ऱ्हाऊ दे."

मग मीही आंघोळ केली नाही. दोघी पारोशाच ओट्यापाशी उभ्या राहिलो आणि ओटीतल्या तांदळाचा भात टाकला.